नवरा-बायकोचं तेच तेच भांडण पुन्हा का होतं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीवरून झालं होतं. एप्रिल महिना, नवरा हिंजवडीहून साडेनऊला घरी आला, फ्रिज उघडला, बाटलीत उरलेलं दोन घोट पाणी प्यायला आणि रिकामी बाटली तशीच परत आत ठेवली. मी ओट्याशी उभी होते. म्हटलं, "तुला कधी एक बाटली भरून ठेवता येत नाही का रे?" तो म्हणाला, "आत्ता आलोय, दोन मिनिटं बसू तरी दे." मी म्हटलं, "मी पण आत्ताच आलेय." यावर तो काहीच बोलला नाही, फोन घेऊन बाल्कनीत गेला, आणि मी त्याच्या मागोमाग गेले. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही बाटलीवरून पालकसभेवर, पालकसभेवरून सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा कोणी काढली यावर, आणि तिथून माझ्या भावाच्या लग्नाला तो उशिरा आला होता तिथपर्यंत जाऊन आलो. शेवटी तो चप्पल घालून खाली निघून गेला आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मुलगी आतल्या खोलीत होती, आणि ती जागी होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही काउन्सेलरकडे गेलो. पहिल्या ठिकाणी मला सांगण्यात आलं की बाईनं थोडं ऍडजस्ट केलं की घर टिकतं, आणि नवऱ्याला सांगण्यात आलं की आठवड्यातून एकदा बायकोला बाहेर जेवायला न्या. आम्ही परत गेलो नाही. दुसऱ्या बाई भेटल्या त्यांच्यामुळे आज हे लिहितेय. त्यांनी आमच्याकडून करून घेतलं ते सगळं आणि नंतर मी स्वतः वाचत गेले ते, जमेल तितकं सोपं करून सांगते, कारण माझ्या ओळखीत निदान पाच-सहा घरं अशी आहेत जिथे दोघंही चांगली माणसं आहेत आणि दोघंही दुःखी आहेत.

त्या बाईंनी पहिल्याच सेशनला कागदावर एक गोल काढला. त्यावर लिहिलं, ही बोलते. पुढे बाण, तो गप्प होतो. पुढे बाण, तो गप्प झाला म्हणून ही आवाज चढवते. पुढे बाण, हिचा आवाज चढला म्हणून तो उठून जातो. आणि तो बाण परत पहिल्या जागी. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही गप्प होता तेव्हा आत काय चाललेलं असतं?" तो बराच वेळ कागदाकडे बघत होता, मग म्हणाला, "मी काहीही बोललो तरी चुकणारच आहे असं वाटतं, मग न बोललेलं बरं." मला विचारल्यावर मी म्हटलं, "या घरात मी एकटीच आहे असं वाटतं." लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि हे आम्ही एकमेकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

या गोलाला अभ्यासक मागणी आणि माघार म्हणतात, म्हणजे एक जण मागे लागतो आणि दुसरा मागे सरतो. अँड्र्यू ख्रिस्टन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर खूप काम केलंय आणि २००६ साली त्याचा जो अभ्यास आला त्यात ब्राझील, इटली, तैवान आणि अमेरिका अशा चार देशांतली जोडपी होती, चारही ठिकाणी हेच दिसलं आणि चारही ठिकाणी मागे लागणारी बाजू बहुतेक वेळा बाईची आणि माघार घेणारी पुरुषाची. आता यावरून कोणी 'बघा, बायका कटकट करतातच' असं म्हणू नये, कारण ज्याला परिस्थिती बदलायला हवी असते तो मागे लागतो आणि ज्याचं आहे त्यात बरं चाललंय तो टाळतो, असंही त्याच्या इतर अभ्यासांत दिसतं. घरात कोणाचं बरं चाललेलं असतं ते आपल्याला माहितीये.

महत्त्वाचं हे की दोघांनाही आपण फक्त उत्तर देतोय असं वाटत असतं. मला वाटायचं तो गप्प बसतो म्हणून मला ओरडावं लागतं, त्याला वाटायचं ही ओरडते म्हणून मला गप्प बसावं लागतं. सुरुवात कोणी केली हे शोधायला गेलं तर दोघंही खरं बोलत असतात आणि निकाल लागत नाही. कॅनडामधल्या सू जॉन्सन यांनी ऐंशीच्या दशकात लेस ग्रीनबर्ग यांच्याबरोबर जोडप्यांसाठी जी थेरपी तयार केली तिचा पायाच हा आहे की हा गोल दोघांनी मिळून बाहेरून बघायचा. त्यांचं म्हणणं, मागे लागणारा माणूस आतून विचारत असतो की मी हाक मारली तर तू येशील का, आणि माघार घेणारा विचारत असतो की मी तुला पुरा पडतो का. दोन्ही प्रश्न भीतीचे आहेत पण बाहेर येताना एकाचा राग होतो आणि दुसऱ्याचा दगड.

हे समजलं म्हणून भांडण लगेच थांबत नाही, कारण मध्ये शरीर येतं. हा भाग मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत सिऍटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९८६ मध्ये एक प्रयोगशाळा सुरू केली, साध्या फ्लॅटसारखी, जोडप्यांनी दिवसभर तिथं राहायचं, स्वयंपाक करायचा, टीव्ही बघायचा, आणि कॅमेरे चालू. रॉबर्ट लेव्हन्सन आणि ते मिळून त्याच्या आधीपासून भांडणाऱ्या जोडप्यांच्या छातीचे ठोके, घाम वगैरे मोजत होते. त्यांना दिसलं की ठोके मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही म्हणजे कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही, शरीराला वाटतं समोर धोका आहे, आणि धोका असला की माणूस एकतर मारायला धावतो, पळतो किंवा थिजतो. अशा वेळी "तू माझं ऐकतच नाहीस" हे वाक्य अगदी शब्दशः खरं असतं.

त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. जोडपं भांडत असताना मध्येच सांगितलं की मशीन जरा नीट करायचंय, तोपर्यंत थांबा, एकमेकांशी त्या विषयावर बोलू नका, ही मासिकं वाचत बसा. अर्ध्या तासानं पुन्हा बोलायला सांगितलं तर ठोके उतरलेले आणि बोलणं चक्क बरं चाललेलं. काहीही शिकवलं नव्हतं, नुसता वेळ दिला होता.

तर आमच्याकडे आता 'वीस मिनिटं' असा शब्द आहे. दोघांपैकी कोणीही म्हणू शकतं, आणि म्हटलं की समोरच्यानं अर्धं वाक्य तोंडात असलं तरी थांबायचं. यात दोन अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर उलटा परिणाम होतो. एक म्हणजे जो उठतो त्यानं परत कधी येणार ते सांगून उठायचं, नाहीतर ती माघारच आहे आणि मागे लागणाऱ्याची भीती दुप्पट होते. दुसरी, त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात मुद्दे जमवायचे नाहीत, कारण मग ठोके उतरतच नाहीत. नवरा सोसायटीला दोन चकरा मारतो. मी कुंड्यांना पाणी घालते, वाळलेली पानं खुडते, मोगऱ्याच्या कुंडीतली माती खुरप्यानं मोकळी करते. पहिल्या वेळी तो बरोब्बर वीस मिनिटांनी परत आला आणि दारातच म्हणाला, "आलोय." मला आठवतंय, माझा निम्मा राग त्या एका शब्दानं गेला होता, कारण अकरा वर्षांत तो भांडणातून नेहमी निघून गेला होता आणि कधी सांगून परत आला नव्हता.

मग बोलायला सुरुवात कशी करायची. गॉटमन यांच्याच एका अभ्यासात, १९९९ चा आहे तो, १२४ नवविवाहित जोडप्यांच्या वादाची नुसती पहिली तीन मिनिटं पाहून पुढच्या सहा वर्षांत कोणाचा घटस्फोट होण्याची शक्यता जास्त याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला. म्हणजे पहिलं वाक्य फार महाग असतं. माझी पहिली वाक्यं 'तू कधीच', 'तू नेहमी', 'तुमच्याकडे सगळेच असे' अशी असायची. "कधी एक बाटली भरता येत नाही का" यात बाटलीबद्दल काहीच नाही, तू माणूस म्हणून कसा आहेस याचा निकाल आहे, आणि निकाल ऐकल्यावर कोण पाणी भरायला उठेल?

काउन्सेलर बाईंनी शिकवलं ते असं की काय घडलं ते सांगायचं, त्यानं मला काय झालं ते सांगायचं, आणि आता काय हवंय ते मागायचं. ऐकायला सोपं आहे पण मधला तुकडा आपल्याला येतच नाही. आपल्याकडे राग सोडला तर बाकी भावनांची नावं घ्यायची सवय नाही, पुरुषांना तर अजिबात नाही, आणि 'मला दुःख होतंय' असं घरात कोणी बोलत नाही, ते नाटकी वाटतं. बाई म्हणाल्या, तुमच्या रोजच्या भाषेत सांगा. मग "मला कसंतरीच झालं", "माझा जीव कासावीस होतो", "फार एकटं एकटं वाटलं" असं चालतं. "आज मी पार गळून गेलेय, आणि रिकामी बाटली बघितली की मला वाटतं सगळं माझ्यावरच आहे, तेवढी भरतोस का" हे वाक्य मला पहिल्यांदा म्हणताना लाज वाटली होती. त्यानं बाटली भरली. मग दुसरी पण भरली.

आता टोमण्यांबद्दल. गॉटमन यांनी नात्याला घातक अशा चार सवयी सांगितल्यात त्यात माणसावरच टीका करणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि तोंडाला कुलूप लावणं या तीन आहेत, पण चौथी सगळ्यात वाईट आणि ती म्हणजे तुच्छता. "जाऊ दे, तुला नाही कळायचं ते." कपाळावर हात मारणं, नाक मुरडणं, पाहुण्यांसमोर नवऱ्याची किंवा बायकोची नक्कल करणं. पुण्यात आपण टोमण्याला हुशारी समजतो, चारचौघांत हशा मिळतो, आणि मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. त्याच्या इंग्लिश उच्चारांवर मी जे बोलायचे त्यावर माझ्या मैत्रिणी हसायच्या आणि तो पण हसायचा. सेशनमध्ये कळलं की माझ्या ऑफिसच्या गेट-टुगेदरला यायचं त्यानं त्यामुळेच बंद केलं होतं. राग विसरला जातो पण आपल्या माणसानं आपल्याला कमी लेखलेलं माणूस विसरत नाही.

वाद होतच राहणार, पण टिकणाऱ्या जोडप्यांच्या वादातसुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण पाच बऱ्या गोष्टी असतात असं गॉटमन यांच्या अभ्यासात दिसलं. बऱ्या म्हणजे मोठ्या नाहीत, मान हलवणं, 'हं, तुझं बरोबर आहे त्यात', मध्येच पाण्याचा ग्लास पुढे करणं. आणि वाद नसतानाचं पण एक मोजलंय. आपण दिवसभर एकमेकांना बारीक बारीक हाका मारत असतो. नवरा वाकडच्या पुलावरून ट्रॅफिकचा फोटो पाठवतो, मला वाटायचं काय करू मी या फोटोचं. खरं तर तो म्हणत असतो की मी इथे अडकलोय, तुझी आठवण आली. मी म्हणते, आज मंडईत ओली हळद आलीये, आणि तो फोनमधून मान वर काढत नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती ती अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ देत होती आणि ज्यांचा घटस्फोट झाला ती ३३ वेळा. आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्या घरात सासू-सासरे, नणंद, सोसायटीची मीटिंग सगळं असतं त्यामुळे तंतोतंत तसेच धरायचं कारण नाही, पण आपण ओ देतो का हे एक दिवस मोजून बघा. मी मोजलं होतं, फार वाईट वाटलं.

अजून एक गोष्ट जी कोणी लग्नाआधी सांगत नाही. गॉटमन यांच्या अभ्यासानुसार जोडप्यांच्या वादाच्या विषयांपैकी ६९ टक्के विषय कधीच सुटत नाहीत, सुखी जोडप्यांचेसुद्धा. पैसे किती जपायचे, माहेरी-सासरी किती जायचं, मुलांना किती धाक लावायचा, हे स्वभावातून आणि घरातून आलेलं असतं. आमचा असा विषय म्हणजे त्याच्या गावची जत्रा. सातारा बाजूला गाव आहे, जत्रा चैत्रात येते, तेव्हा माझ्या ऑफिसात वर्षअखेरीचं सगळं तुंबलेलं असतं, आणि दरवर्षी आमचं वाजायचं. बाईंनी एकदा मला सांगितलं, जायचं की नाही ते आज ठरवू नका, त्यांना नुसतं विचारा की ही जत्रा तुमच्यासाठी एवढी का मोठी आहे, आणि मध्ये बोलू नका. तो म्हणाला, लहानपणी वडील मुंबईला नोकरीला होते, वर्षातून दोनदा यायचे, त्यातलं एक जत्रेला, आणि पालखी बघायला त्याला खांद्यावर घ्यायचे, वडिलांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास अजून आठवतो म्हणाला. मला यातलं काहीच माहिती नव्हतं. वाद अजून सुटलेला नाही, एक वर्ष मी जाते, एक वर्ष तो आणि मुलगी जातात, पण आता ते वाजत नाही.

हे सगळं कोणाला लागू नाही ते स्पष्ट सांगायला हवं. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, पैसे काढून घेणं, फोन तपासणं, घराबाहेर जाऊ न देणं असं असेल तर तो 'गोल' नाही, तिथे एकाची दहशत आहे आणि जोडप्यानं एकत्र काउन्सेलिंगला बसणं उलट धोक्याचं ठरू शकतं, कारण तिथं खरं बोललेल्याची शिक्षा घरी मिळते. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात मानसिक आणि आर्थिक छळ पण धरलाय, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. दारूचा प्रश्न असेल तर आधी त्याचे उपचार, आपल्याकडे येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय आणि ते घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. आणि दोघांपैकी एकाला महिनोन्महिने झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं असं असेल तर तो नात्याचा प्रश्न समजून भांडत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं.

पुण्यात मदत घेणं ही नवीन फॅशन आहे असं काही ज्येष्ठ मंडळींना वाटतं. पण विद्या बाळ यांच्या नारी समता मंचानं खूप आधीच बायकांसाठी 'बोलते व्हा' नावाचं केंद्र सुरू केलं होतं आणि पुढे पुरुषांसाठी पुरुष संवाद केंद्र काढलं, म्हणजे पुरुषांना पण बोलायला जागा लागते हे इथं कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. फॅमिली कोर्टातसुद्धा समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यानुसार आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कामच आहे. पण शिवाजीनगरला कोर्टात पोचेपर्यंत दोन्हीकडचे नातेवाईक आणि वकील आलेले असतात, तेव्हा त्याच्या फार आधी जा. आणि समजा एवढं करूनही वेगळं व्हायचं ठरलं तरी ते अपयश नाही, मुलं असतील तर नीट बोलता येणारे आई-बाप वेगळे झालेलेही चालतात.

काउन्सेलर निवडताना मी एकच कसोटी लावते. पहिल्या तासाला दोघांनाही आपली बाजू ऐकली गेली असं वाटलं का? एकालाच वाटलं असेल तर बदला. साधारण एक तासाचं सेशन असतं, आधी दोघं एकत्र, मग एकेकाशी वेगळं, मग परत एकत्र, आणि पहिल्या दोन-तीन वेळा घरी आल्यावर जास्तच वाईट वाटतं कारण झाकलेलं उघडं पडतं. आम्ही तिसऱ्या सेशननंतर पौड फाट्यापर्यंत गाडीत एक शब्द बोललो नव्हतो.

जोडीदार यायला तयारच नसेल तर एकट्यानं जा. गोलातला एक बाण वळला तरी गोल तसाच राहत नाही.

आणि जे घरी करता येतं, फुकट, ते शेवटी सांगते. २०१३ मध्ये एलाय फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी काहीच केलं नाही, तर सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं घसरत गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी फक्त ७ मिनिटं लिहायला सांगितलं, आपलं एखादं भांडण घ्यायचं आणि दोघांचंही भलं चिंतणारा तिसरा माणूस ते कसं बघेल ते लिहायचं. वर्षाला एकूण २१ मिनिटं. लिहिणाऱ्यांची घसरण थांबली, न लिहिणाऱ्यांची चालू राहिली.

आमच्याकडे मुलीची शंभरपानी वही आहे, मागच्या बाजूनं कोरी राहिलेली. नवऱ्याला लिहायचा कंटाळा, सात मिनिटांत त्याच्या चार ओळी होतात, आणि आम्ही एकमेकांचं वाचतो. गणपतीच्या आधी पाहुण्यांच्या जेवणावरून आमचं जोरात झालं होतं, त्याबद्दल त्यानं लिहिलंय, "तिसरा माणूस दारात उभा असता तर त्याला दिसलं असतं की ही बाई ऑफिसातून येऊन ओढणी पण न काढता कुकर लावत होती. नवऱ्यालाही दिसलं होतं. तो बोलला नाही."